सॉफ्ट की स्पंजी

३ सप्टेंबर

मामास नमस्कार.

शनिवारच्या जीपबरोबर पाहणीचे नवे फॉर्म पाठवते आहे. जुने संपवायचे म्हणून वापरत बसू नकोस. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या चौकीतला फोन आमच्या हेडक्लार्कच्या टेबलावरून जोडला जातो आणि बोलणं संपेपर्यंत तो कानावरचा रिसीव्हर काढत नाही. म्हणून लिहिते.

धरणाच्या पायथ्याला जे नंबरचे दगड आहेत, त्या प्रत्येकासमोर आता तीन चौकोन आहेत: फर्म, सॉफ्ट, स्पंजी. फर्म म्हणजे घट्ट. त्यात कुणाची चूक होत नाही. उरलेल्या दोघांत मात्र गल्लत होते. दुसऱ्या धरणांवरचे चौकीदार दोन्ही एकच समजतात, म्हणून तुला नीट सांगते.

सॉफ्ट: टाच रुतते आणि पाय उचलल्यावर ठसा तसाच राहतो. वरची माती ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत ती वाळते.

स्पंजी: टाच रुतत नाही. जमीन दबते आणि पाय उचलला की परत वर येते. ठसा राहत नाही. म्हणजे खालचं पाणी मातीला उचलून धरतं आहे, आणि ते पाणी धरणाच्या पोटातून येतं आहे.

सॉफ्ट असेल तर शनिवारी कळवलंस तरी चालेल. स्पंजी असेल तर त्याच मिनिटाला फोन कर. हेडक्लार्क ऐकेना का.

तुमचं क्वार्टर पंधराव्या दगडाच्या बरोबर खाली आहे, हे माझ्या लक्षात आहे.

मामीला नमस्कार. साखर तपासून घेतलीस का, ते कळव.

तुझी भाची


१० सप्टेंबर

चि. पट्टीस पोटभर आशीर्वाद.

इंजिनीअर झालीस तरी हे नाव सुटायचं नाही. सुट्टीत आलीस की मांजराच्या शेपटीपासून माझ्या मिशीपर्यंत सगळं पट्टीने मोजायचीस. मिशी चार इंच भरली होती. आता तेवढी नाही.

तुझे फॉर्म मिळाले. वाचून हसू आलं. अगं, मऊपणाची आपल्याकडे केवढी जत्रा भरते! लोणी मऊ, पाव लुसलुशीत, नांगरलेलं रान भुसभुशीत, चिखल पिचपिचीत, सडका टोमॅटो लिबलिबीत, गोगलगाय गिळगिळीत, आणि तुमच्या हेडक्लार्कशी हात मिळवला तर तोही तसाच. साहेबांच्या भाषेत बिचाऱ्यांना दोनच मिळाले, आणि त्या दोघांतही भांडण!

मला शिकवू नकोस. एकवीस वर्षं हे धरण मी पायांनी वाचतो आहे. ऑफिसने दिलेले बूट नाडी बांधून गळ्यात अडकवतो आणि अनवाणी चालतो. साहेब आले की पायात. तू ज्याला स्पंजी म्हणतेस ते मला पहिल्या वर्षीच भेटलं होतं, नवव्या दगडाजवळ. गादीवरून चालल्यासारखं वाटलं होतं. पळत जाऊन कळवलं, खणलं, गाळणीची वाळू भरली, मिटलं. तेव्हा तू बालवाडीत होतीस.

या आठवड्याचं: सगळे फर्म, फक्त नंबर पंधरा सॉफ्ट. मंगळवारी पाऊस झाला ना. पंधराव्याजवळ खालचं पाणी मोजायला पुरलेल्या नळीत फीत सोडून पाहिली, पाणी वरच्या तोंडापासून चार मीटर दहावर आहे. मागच्या शनिवारी चार साठ होतं.

साखर माझ्यापेक्षा तुझ्या मामीच्या बोलण्यात असती तर बरं झालं असतं.

मामा


१७ सप्टेंबर

मामास नमस्कार.

एका आठवड्यात नळीतलं पाणी अर्धा मीटर वर आलं आहे. जलाशयाची पातळी तेवढीच आहे. साहेबांचं म्हणणं, पंधराव्या दगडाजवळच्या नळीचं झाकण तुटलं आहे, त्यातून पावसाचं पाणी आत गेलं असेल. शक्य आहे. मला खात्री नाही.

पंधराव्या दगडाजवळ पुन्हा चाल आणि मला चौकोन न सांगता काय झालं ते सांग. ठसा राहिला का? किती खोल? ठशात पाणी जमलं का? जमलं असेल तर स्वच्छ की गढूळ? गढूळ असेल तर पाण्याबरोबर माती वाहते आहे.

वेळ घे. घाईने टिक करू नकोस.

तुझी भाची


२४ सप्टेंबर

चि. पट्टीस आशीर्वाद.

ठसा, खोली, पाणी, रंग. पोलीस चौकशीतसुद्धा इतके प्रश्न नसतात.

जीपवाला एक सांगत होता. म्हणे सगळ्या धरणांवरचे चौकीदार काढून नुसत्या नळ्या आणि यंत्रं ठेवणार. कोणाचा पाय बरोबर सांगतो आणि कोणाचा चुकतो, त्याचा तक्ता तुझ्या टेबलावर आहे. मी म्हटलं, "असं असतं तर माझ्या भाचीने मला सांगितलं असतं." तो गाडी पुसत म्हणाला, "सांगितलं असतंच, काका." आणि हसला.

ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? चूक पकडायची असेल तर सरळ पकड. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठे जाऊ? तुझी मामी तर तिच्या मिरच्यांच्या कुंड्यांशिवाय हलायची नाही.

पंधरा सॉफ्ट. तसंच लिहून घे. नळी तीन पन्नासवरून दोन ऐंशीवर आली आहे. नळीला विचार काय झालंय ते.

बाकी क्षेम. तुझी मामी मला विसरभोळा ठरवायला टपली आहे. परवा बाजारातून आलो तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे गळली कळलंच नाही. त्याआधी फरशीवर लाल डाग दिसले म्हणून तिने आरडाओरडा केला. पाहतो तर टाचेत खिळा. तिला वाटलं कोणी मांजर मारलं.

मामा


१ ऑक्टोबर

मामास नमस्कार.

तक्त्याबद्दल: निर्णय होण्याआधी ऑफिसातली गोष्ट घरात सांगता येत नाही. एवढंच लिहू शकते.

आता फक्त मातीचं बोलू. तुझ्याच नोंदीप्रमाणे शेवटचा पाऊस ६ तारखेला पडला. आज पंचविसावा कोरडा दिवस. वरून भिजलेली माती इतके दिवस सॉफ्ट राहत नाही. ती एक तर वाळून फर्म झालेली असेल, नाहीतर तिला खालून पाणी मिळतं आहे. म्हणजे आज पंधराव्या दगडासमोर सॉफ्ट हा चौकोन असूच शकत नाही. तू मात्र तीन शनिवार तोच टिक करतो आहेस.

मी कालच साहेबांकडे पाणी कमी करायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "बाई, झाकण तुटलेल्या नळीवर विश्वास ठेवू की एकवीस वर्षांच्या पायावर?" पाहणीसाठी माणूस २० तारखेला येईल.

खिळा कोणत्या टाचेत होता? किती वेळ होता?

हे मी चूक पकडायला विचारत नाही.

तुझी भाची


१ ऑक्टोबर, दुपार

जीप उभी आहे, म्हणून दोनच ओळी.

पंधरा सॉफ्ट. नळी एक नव्वद. टाच माझी, खिळाही माझा.

मामा


५ ऑक्टोबर

प्रिय मामी,

हे पत्र शनिवारची वाट न पाहता बसच्या कंडक्टरकडे देते आहे. त्याला सांगितलं आहे, तुझ्याच हातात द्यायचं. काल फोन केला होता. मामाने उचलला, "सॉफ्ट" म्हणाला आणि ठेवून दिला. परत केला तर उचललाच नाही.

मला वाटतं मामाच्या पायांना काही कळत नाही. साखरेने असं होतं. दुखत नाही म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, किंवा लागला तरी सांगत नाही. पायातली चप्पल गळणं आणि टाचेतला खिळा न कळणं, ही दोन्ही त्याचीच लक्षणं आहेत. तो विसरभोळा नाही.

तसं असेल तर गेला महिनाभर पंधराव्या दगडाची खरी नोंद कोणाकडेच नाही. आधीच्या आठवड्यात जे होतं तेच तो पुढे उतरवतो आहे. आणि इथे सगळे त्याच नोंदीवर निर्धास्त बसले आहेत. त्याला कारण मी आहे. चौकीदार काढायचं ठरत होतं तेव्हा मी सगळ्या धरणांच्या जुन्या नोंदी तपासल्या. अकरा वर्षांत मामाचा पाय एकदाही चुकला नव्हता. नळ्या सहा वेळा चुकल्या होत्या. मी अहवालात लिहिलं की शंका आली तर नळीऐवजी या माणसाच्या पायावर विश्वास ठेवावा आणि त्याची जागा काढू नये. साहेब आता माझंच वाक्य मला वाचून दाखवतात. मामाला हे सांगितलं नव्हतं. त्याला वाटतं मी त्याला काढायला बसले आहे.

तू दोन गोष्टी कर. मामाला डोळे मिटायला लावून त्याच्या पायाच्या बोटांना हात लाव आणि कोणतं बोट ते विचार. मग चपला काढ आणि चौदाव्यापासून सोळाव्या दगडापर्यंत स्वतः चालून ये. ठसा राहिला तर घाबरू नकोस. जमीन परत वर आली तर लगेच ऑफिसला फोन कर, सामान आवरत बसू नकोस आणि क्वार्टरमधून बाहेर पड.

मी उद्या पहाटे निघते. बस बदलत पोचायला दिवस जाईल.

पट्टी


६ ऑक्टोबर, टेकडीवरच्या गोदामातून

पोरी,

तू कुठल्या बसमध्ये असशील ते माहीत नाही, तरी लिहिते आहे. हाताला काम नसलं की मला धीर निघत नाही. तू येण्याआधी आम्हाला इथून हलवलं तर हे गोदामवाल्याकडे मिळेल.

कंडक्टर सकाळी नऊला आला. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते. तुझं पत्र मी आत नेऊन वाचलं. बाहेर आले आणि म्हटलं, "डोळे मिटा."

"कशाला? काही आणलंस की काय माझ्यासाठी?"

"मिटा म्हणते ना."

मिटले. मी उजव्या पायाचा अंगठा धरला. चांगला दाबून धरला. म्हटलं, "सांगा, कोणतं बोट?"

ते म्हणाले, "अगं, आधी हात तर लाव."

पोरी, माझा हात तिथेच होता.

त्यांनी डोळे उघडले, माझा हात पाहिला आणि पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता. मी म्हटलं, "कधीपासून?" तर म्हणे, "उन्हाळ्यापासून." मी म्हटलं, "आणि सॉफ्ट सॉफ्ट काय लिहीत होता?" ते म्हणाले, "सुरुवातीला थोडं कळायचं. मग डोळ्यांनी बघून लिहायला लागलो. वरून ओलं दिसतं, पाणी साचलेलं नसतं, म्हटलं सॉफ्टच असणार." मी म्हटलं, "कोंबडं झाकलंत म्हणून उजाडायचं राहिलं का?" अजून पुष्कळ बोलले असते, पण तुझं पत्र हातात होतं.

चपला काढल्या आणि गेले. चौदाव्या दगडापर्यंत कडक, खडे टोचत होते. तिथून पुढे दहा पावलं गेले आणि खडे टोचायचे थांबले. पाय ठेवला की जमीन खाली जायची, उचलला की मागून वर यायची. मागे वळून पाहिलं तर माझी पावलं कुठेच नव्हती. पंधराव्या दगडाशी टाचेच्या कडेने पाणी आलं. चहासारखं. त्यात वाळू फिरत होती.

पळत चौकीत आले. फोन हेडक्लार्कने घेतला. म्हणतो, "वहिनी, रिपोर्ट तर सॉफ्ट आहे."

मी म्हटलं, "तो रिपोर्ट सोडा, मी आत्ता चालून आलेय."

"तुम्ही चालून? वहिनी, हे काम मामांचं. मामांनाच द्या फोन."

मला इतका संताप आला! पण हे मागे येऊन उभे होते. माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मला वाटलं, आता हा माणूस परत सॉफ्ट म्हणतो. म्हटला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

ते म्हणाले, "चौकीदार बोलतोय. माझे पाय गेलेत. चार महिने झाले. मी खोटं लिहिलं. चौदा ते सोळा स्पंजी आहे, पाणी गढूळ आहे. साहेबांना बोलवा आणि दरवाजे उघडा."

तिकडे हेडक्लार्कने कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मामा, हे मी असंच्या असं लिहून घेऊ?" हे म्हणाले, "असंच्या असं लिही."

दरवाजे अकराला उघडले. खालच्या वस्तीला भोंगा दिला, सगळे टेकडीवर आलेत. आता दुपारचे साडेतीन. पाणी उतरतंय, पण फार हळू. इथून पंधरावा दगड दिसतो. त्याच्या खाली आमचं छप्पर दिसतं आणि मिरच्यांच्या कुंड्या दिसतात. मघापर्यंत दगडाभोवतीचा ओला डाग चादरीएवढा होता. आता मोठा दिसतोय, की मलाच तसं वाटतंय, सांगता येत नाही.

हे पायात बूट घालून बसलेत. साहेब समोर नसताना पहिल्यांदाच मी त्यांना घट्ट नाडी बांधलेल्या बुटात पाहते आहे.

ये लवकर.

मामी


५ नोव्हेंबर

मामास नमस्कार.

तिथे साडेतीन आठवडे होते, रोज तुझ्यासमोर होते, आणि मातीखेरीज आपण कशावरही बोललो नाही. इथे टेबलावर परत आल्यावर लिहिणं सोपं वाटतं.

आधी मातीचं. अंतिम मोजमाप झालं. पंधराव्या दगडाच्या मागे धरणाच्या पोटात पावणेदोन मीटर लांबीची पोकळी झाली होती. माझा दंड आत जाईल एवढी रुंद. वाळू वाहून गेल्याने ती रोज आत सरकत होती. पाणी उतरवलं नसतं तर धरण किती टिकलं असतं, असं साहेबांनी मला विचारलं. मी तीन ते सहा दिवस असं लिहून दिलं. पाहणीचा माणूस त्यानंतर आठ दिवसांनी येणार होता.

तुझ्या नोकरीचं: खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद मिळेल. जागा राहील. क्वार्टर टेकडीवर मिळेल. पायाच्या नोंदी मामीने कराव्यात आणि तिला ऑफिसने रीतसर नेमावं, असं मी सुचवलं होतं. साहेब नाही म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे.

आता दुसरं. २४ सप्टेंबरचं तुझं पत्र मी जीप आली त्याच संध्याकाळी वाचलं. चप्पल आणि खिळा, दोन्ही. तेव्हाच मला कळलं होतं. मामीला पत्र लिहिलं ते ५ ऑक्टोबरला. मधे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी तुला आडून प्रश्न विचारत बसले. साहेबांना मी नळी दाखवली, पाय नाही. "या माणसाच्या पायांवर आता विश्वास ठेवू नका," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तुझी जागा गेली असती आणि माझा अहवालही खोटा ठरला असता. दोन्हींतलं जास्त कशाला घाबरले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तू चार महिने लपवलंस ते फोनवर सगळ्यांसमोर सांगून टाकलंस. माझे अकरा दिवस कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणून इथे लिहिले.

फॉर्म बदलून घेतला आहे. नमुना सोबत आहे. आता चौथा चौकोन आहे. तो इंग्रजीत नाही. छापखान्यातला माणूस म्हणाला, "मॅडम, तीन इंग्रजी आणि एक मराठी, कसं दिसेल ते?" मी म्हटलं, "दिसू दे."

डॉक्टरांकडे गेलास का? खोटं सांगितलंस तर मामीला विचारीन.

पट्टी


१२ नोव्हेंबर

चि. पट्टीस अनेक आशीर्वाद.

ताकीद मिळाली. फ्रेम करून लावायचं म्हणत होतो, मामीने खिळा द्यायला नकार दिला. म्हणते, खिळे आता तुमच्या नजरेसमोर नकोत.

नवीन क्वार्टरमध्ये आलो. कुंड्या सगळ्या आल्या. चौदा होत्या, चौदा आहेत. तुला मोजलेलं आवडतं म्हणून लिहिलं.

तुझ्या अकरा दिवसांचं काय करायचं ते मला सुचत नाही. मी चार महिन्यांचा धनी, तुला काय बोलणार? पत्र मामीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ कुंडीतली माती उकरत बसली. मग म्हणाली, "भाची मामाच्या वळणावर गेली." यात शिवी किती आणि माया किती, ते तूच मोज.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण साखर आवरली तर उरलेलं टिकेल. रोज संध्याकाळी मामी तळवे तपासते. मला डोळे मिटायला लावते, एकेक बोट धरते आणि विचारते, कोणतं? आधी मी अंदाजाने ठोकून द्यायचो. आता देत नाही. तुझ्या चौथ्या चौकोनात आहे तेच म्हणतो.

या आठवड्याचा फॉर्म सोबत आहे. एक ते तीस, माझ्या सगळ्या खुणा चौथ्या चौकोनात, "कळलं नाही". त्याखाली मामीची नोंद: सगळे फर्म, पंधरा सॉफ्ट. नव्याने भरलेली माती आहे, ठसा राहतो, बोटभर खोल, पाणी नाही. ऑफिसने नेमलं नाही तरी सही तिने ठोकून केली आहे. साहेबांना सांग, वाचा.

आणखी एक. मंगळवारी तिने धरलं आणि मी म्हटलं, "डाव्या पायाची करंगळी." बरोबर निघालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, नशिबाने लागला नेम. बुधवारपासून पुन्हा काही नाही. मी ते कुठे लिहिलेलं नाही. एकाच नोंदीवर भरवसा ठेवायचा नसतो, हे तुझंच शिकवणं. पुढच्या शनिवारी पुन्हा कळलं तर कळवीन.

मामा